महाजनांची यादी पेनड्राइव्हवर फिरवणं थांबवा

आज गोव्यात फोंडा तालुक्यातल्या एका देवस्थानाच्या ऑफिसात जत्रेची आमंत्रणं चालली होती. तिथला प्रकार बघून डोकं फिरलं. तीन कॉम्प्युटर, तिन्हींवर महाजनांच्या, म्हणजे देवस्थानाच्या सभासदांच्या, वेगवेगळ्या याद्या! एका महाजनाचा बदललेला नंबर एकीकडे दुरुस्त केलेला, बाकी दोन्हीकडे जुनाच. आमंत्रण गेलं भलत्याच माणसाला.

पेनड्राइव्हवरची सीएसव्ही फाइल (स्वल्पविरामांनी रकाने पाडलेली साधी यादी) एक्सेलमध्ये डबल क्लिक करून उघडा. 91 लावलेला बारा आकडी नंबर 9.19E+11 असा दिसतो, आणि तसंच सेव्ह केलं की उरलेले आकडे कायमचे गेले. देवनागरी नावांचा चिखल होतो तो वेगळाच. तरी दरवर्षी हेच!

'फोल्डर शेअर करूया' म्हणणारेही भेटतात. कृपा करा, नका. थंडरबर्ड या मेलच्या प्रोग्रॅमचे पत्ते एसक्यूलाइट या छोट्या डेटाबेसच्या फाइलमध्ये असतात. ती नेटवर्क ड्राइव्हवर ठेवून दोघांनी उघडली तर लॉकिंगचा (एक लिहीत असताना दुसऱ्याला थांबवण्याचा) भरवसा नसतो, डेटाबेस खराब होतो.

यावरचा उपाय जुना आहे: यादी एका सर्व्हरवर ठेवायची आणि सगळ्यांनी तिथूनच वाचायची. त्यासाठीचे ठरलेले नियम आहेत. कॅलेंडरसाठी कॅलडॅव्ह 2007 पासून, पत्त्यांसाठी कार्डडॅव्ह 2011 पासून. लिनक्सवर ग्नोम आणि केडीई या दोन डेस्कटॉपांचे अनुक्रमे इव्होल्यूशन डेटा सर्व्हर आणि अकोनाडी एका मशीनपुरतं हेच करतात: माहिती एका जागी, मेल आणि कॅलेंडर दोन्ही तिथूनच वाचणार. अकोनाडी मधेच अडकतो, हे खरं. बहुतेकदा रीस्टार्टने सुटतो.

ऑफिससाठी एका जुन्या मशीनवर रॅडिकाली (Radicale) हा कॅलडॅव्ह-कार्डडॅव्हचा छोटा सर्व्हर टाका. प्रत्येक माणसाची वेगळी व्हीसीएफ फाइल, प्रत्येक कार्यक्रमाची वेगळी आयसीएस. तो मुळात फक्त स्वतःच्याच मशीनला उत्तर देतो, आणि बरेच जण इथेच अडकतात. सेटिंगमध्ये होस्ट 0.0.0.0:5232 करा, म्हणजे तो बाकीच्या मशीननाही उत्तर देईल, पासवर्डची फाइल जोडा, राउटरवर त्या मशीनचा आयपी पक्का करा. मग थंडरबर्डमध्ये नवीन कार्डडॅव्ह अॅड्रेस बुक आणि नेटवर्कवरचं कॅलेंडर जोडायचं. नंबर एकाने बदलला की सगळ्यांकडे बदलतो. पावसात वीज जाऊन सर्व्हर बंद पडला, तरी लॅपटॉपवरची प्रत वाचता येते.

गूगल अकाउंटवरही हे होतं, फुकट होतं, मान्य. पण ते अकाउंट कोणाच्या नावावर? समिती बदलली की जुन्या सेक्रेटरीच्या मागे पासवर्डसाठी फिरायचं? यादी देवस्थानाची आहे, त्याची नाही.

त्या ऑफिसातल्या वयस्क कारकुनाला मात्र बोल लावू नका. त्यांच्या रजिस्टरात त्या महाजनाचा जुना नंबर तांबड्या शाईने खोडून बाजूला नवा लिहिलेला होता, तारखेसकट. नोंद अचूक होती, पण कॉम्प्युटरवाल्यांनी ते रजिस्टर उघडून बघितलंच नाही. सर्व्हरवर नाव दुरुस्त करायचा अधिकार पहिल्यांदा त्यांनाच द्या.

कॅलेंडरमध्ये जत्रेला 'दरवर्षी रिपीट' लावू नका. ते इंग्रजी तारीख धरतं, तिथी नाही. पंचांग बघून दर वर्षी नव्याने टाका. वेळ टाकताना टाइमझोन एशिया/कोलकाता आहे ना, बघा, नाहीतर पालखी साडेपाच तास पुढेमागे दिसेल.

आणि तिन्ही याद्या एकदम चढवू नका. आधी एकाच मशीनवर जमवा, दुहेरी नावं काढा, नंबर रजिस्टराशी ताडून बघा, मग एकदाच इम्पोर्ट करा. पुन्हा इम्पोर्ट केलं आणि कार्डात यूआयडी (प्रत्येक नोंदीचा वेगळा ओळख क्रमांक) नसला, तर प्रत्येक महाजन दोनदा दिसेल. रॅडिकालीचा डेटा फोल्डर रोज रात्री दुसऱ्या डिस्कवर कॉपी होऊ द्या.