सर व्हायचंय? आधी गुडघा तपासून घ्या

ब्रिटनच्या राजाकडून नाइटपद मिळवून सर व्हायचं मनात घेतलं असेल, तर पहिल्यांदा घोड्याचा नाद सोडा. एके काळी नाइट म्हणजे स्वतःचा घोडा, स्वतःचं चिलखत आणि राजाने बोलावताच रणात उतरायची तयारी. आता लागतो फक्त एक धडधाकट उजवा गुडघा. राजवाड्यात तो मखमली बैठकीवर टेकायचा. मग राजा तलवारीचं पातं आधी उजव्या आणि नंतर डाव्या खांद्याला लावतो, की झालात सर. ‘ऊठ, सर अमुक’ वगैरे तो म्हणत नाही, ते सिनेमात. आपलं आपण उठायचं.

जन्माचं साल मात्र नीट निवडा. इंग्लंडमध्ये पहिल्या जेम्सची कारकीर्द उत्तम. १६०३ साली हे महाराज स्कॉटलंडहून लंडनला गादीवर बसायला निघाले आणि वाटेत प्रसाद वाटावा तसे नाइटपद वाटत गेले. पुढे तिजोरीत खडखडाट झाला, तेव्हा १६११ मध्ये त्यांनी बॅरोनेट नावाची नवी पायरी काढली. भाव १,०९५ पौंड. आकडा उगाच आलेला नाही, आयर्लंडच्या अल्स्टर प्रांतातल्या तीस शिपायांचा तो तीन वर्षांचा खर्च होता. नाइटचं ‘सर’ त्याच्याबरोबर संपतं, बॅरोनेटचं थोरल्या मुलाकडे जातं. म्हणजे पैसे वसूल.

त्यांच्या चिरंजीवांच्या, पहिल्या चार्ल्सच्या, राज्यात मात्र चुकूनही जन्मू नका. जमिनीचं उत्पन्न वर्षाला ४० पौंड असूनही राज्याभिषेकाला येऊन नाइट झाला नाहीत? मग दंड भरा! धूळ खात पडलेला जुना नियम उकरून त्यांनी ही वसुली लावली. बापाने पदवी देण्याचे पैसे घेतले, लेकाने न घेतल्याचे. १६४१ मध्ये पार्लमेंटने हा प्रकार बंद केला, चार्ल्सची पुढे मानही कापली. पण त्याला इतरही कारणं होती.

लॉईड जॉर्ज पंतप्रधान असतानाचा काळही वाईट नाही. मॉन्डी ग्रेगरी नावाचे दलाल होते, नाइटपदाचा दर साधारण १०,००० पौंड. १९२५ मध्ये पदव्यांच्या विक्रीविरुद्ध कायदा झाला, तरी ग्रेगरींनी धंदा सोडला नाही. १९३३ मध्ये त्यांना शिक्षा झाली: दोन महिने कैद आणि ५० पौंड दंड. मालाचा भाव दहा हजार आणि दंड पन्नास! या कायद्याखाली शिक्षा झालेला माणूस हा एवढाच. बाकीचे सगळे अर्थात गुणांवरच सर झाले असणार.

इंग्लंडात जन्मायचं जमलं नाही, तर मुंबई गाठा. चीनला अफू पाठवून पैसा करा आणि त्यातून भरघोस दान द्या. जमशेटजी जीजीभॉयांनी दोन्ही केलं. त्याच अफूवरून ब्रिटन आणि चीनमध्ये पेटलेलं पहिलं युद्ध संपलं १८४२ मध्ये, आणि त्याच साली ते सर झाले, पहिले भारतीय. १८५७ मध्ये बॅरोनेटही झाले. तेव्हापासून गादीवर येणारा वारस स्वतःचं नाव टाकून जमशेटजी जीजीभॉय होतो, तसा कायदाच केला गेला. दवाखाना मात्र खरा, हे कबूल केलं पाहिजे. भायखळ्याच्या जे. जे.मध्ये केसपेपरच्या रांगेत कोणी अफूची चौकशी करत नाही.

आज मात्र भारतीय पासपोर्ट आड येतो. मानद नाइटपद मिळतं, रतन टाटांना २०१४ मध्ये सर्वोच्च पायरीचं मिळालं; पण नावामागे ‘सर’ लागत नाही. वर परदेशी पदव्यांना मनाई करणारं आपल्या घटनेचं कलम १८ आहेच. त्या कलमापायी किती व्हिजिटिंग कार्डांचं नुकसान झालं असेल!

नकार देण्याचा मोह आवरा. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १९१४ मध्ये नाइटपद नाकारलं. रवींद्रनाथांनी १९१५ मध्ये घेतलं आणि जालियनवाला बागेनंतर १९१९ मध्ये व्हाइसरॉयला पत्र लिहून सोडून दिलं. दोघांचंही त्यावाचून काही अडलं नाही, ही गोष्ट घरात मुलांना कळू देऊ नका.

घरातला हिशेबही आधीच करून ठेवा. तुम्ही सर झालात की पत्नी आपोआप लेडी. पत्नी डेम (म्हणजे बायकांमधली ‘सर’) झाली तर तुम्ही जे होता तेच.

आणि जाण्याची वेळ सांभाळा. बीबीसीवरचा लोकप्रिय निवेदक जिमी सॅव्हिल १९९० मध्ये सर झाला, २०११ मध्ये वारला, आणि मुलांवरचे त्याचे अत्याचार उघडकीला आले त्यानंतर. पदवी काढून घ्या म्हणून ओरड झाली, तेव्हा उत्तर आलं की नाइटपद माणसाबरोबरच संपतं, काढून घ्यायला काही उरलेलंच नाही. चाउशेस्कूला हे साधलं नाही. १९७८ मध्ये राणीच्या घरी पाहुणचार घेऊन मानद नाइट झालेला हा हुकूमशहा. त्याचा सन्मान लंडनने परत घेतला २४ डिसेंबर १९८९ ला, आणि रोमानियात त्याला गोळ्या घातल्या २५ ला. लंडनचे कारकून नाताळच्या सुट्टीवर एक दिवस आधी गेले असते, तर गडी नाइट म्हणूनच गेला असता.