वर्णद्वेष मान्य करा, पण बेताने

सगळ्यात आधी एक सांगतो, अमेरिकेत राहून वर्णद्वेष मान्य करायला अजिबात घाबरायचं नाही. खर्च शून्य आहे. मिनियापोलिसमध्ये जॉर्ज फ्लॉइड या कृष्णवर्णीय माणसाला गोऱ्या पोलिसाने मानेवर गुडघा दाबून मारलं, त्याच्या निषेधात २ जून २०२० ला इन्स्टाग्रामवर नुसता काळा चौकोन टाकायचा होता, मी टाकला, बावन्न लाइक्स आले, त्यातले निम्मे नात्यातलेच. नागपूरहून मावशीचा मेसेज, "फोटो उघडत नाहीये रे, काय आहे?" म्हटलं काही नाही मावशी, अन्यायाविरुद्ध आवाज आहे. ती म्हणाली बरं, जेवलास का.

तुमचा चौकोन राहून गेला असेल तर वाईट वाटून घेऊ नका, आणखी पर्याय आहेत. त्याच महिन्यात वॉशिंग्टनमध्ये डेमोक्रॅट खासदार गळ्यात घानाचं केंटे कापड घालून ८ मिनिटं ४६ सेकंद गुडघ्यावर बसले होते, आपल्याकडे सत्यनारायणाला उपरणं घेऊन बसतात तसे. उठताना काहींना आधार लागला, माझेही गुडघे गेलेत त्यामुळे त्यावर मी हसणार नाही. पुढे खटल्यात कळलं की जॉर्ज फ्लॉइडच्या मानेवरचा गुडघा प्रत्यक्षात ९ मिनिटं २९ सेकंद होता, म्हणजे श्रद्धांजली पण ४३ सेकंद कमीच पडली. फ्लॉइडच्या नावाचा पोलीस सुधारणांचा कायदा खालच्या सभागृहात दोनदा पास झाला, २०२० ला आणि २०२१ ला, आणि दोन्ही वेळा सिनेटमध्ये जाऊन जो बसला तो बसलाच, त्याला उठवायला कोणी हात दिला नाही.

किंवा रस्ता रंगवा. वॉशिंग्टनच्या महापौर बाईंनी व्हाइट हाउससमोरच्या रस्त्यावर 'ब्लॅक लाइव्ह्ज मॅटर' (म्हणजे काळ्यांच्या जिवालाही किंमत आहे) अशी पिवळी अवाढव्य अक्षरं रातोरात काढून घेतली होती. मार्च २०२५ मध्ये वरून दबाव आला तेव्हा त्याच बाईंच्या कारकिर्दीत ती जॅकहॅमर लावून उखडली. त्यामुळे सल्ला असा की रंग धुता येईल असा घ्या.

आता पोलीस सुधारणा. याला लोक उगाच अवघड समजतात. पहिली पायरी म्हणजे भाषा. फ्लॉइड गेला तेव्हाची, मिनियापोलिस पोलिसांची २५ मे २०२० ची पहिली प्रेस नोट बघा, शिकण्यासारखी आहे. आपल्या पोलीस स्टेशनच्या मराठीत सांगायचं तर, पोलिसांशी संपर्क आला असताना वैद्यकीय त्रास होऊन सदर इसम मयत. गुडघा नाही, मान नाही, फ्लॉइडचं 'मला श्वास घेता येत नाहीये' नाही. शस्त्र मात्र कोणीच वापरलं नाही हे आवर्जून लिहिलेलं. किती स्वच्छ केस होती! पण एक सतरा वर्षांची मुलगी छोट्या बहिणीला घेऊन कोपऱ्यावरच्या दुकानात खाऊ आणायला निघाली होती, तिने थांबून मोबाइलवर सगळं शूट केलं आणि चांगल्या प्रेस नोटची वाट लावली. तेव्हा सुधारणा करायचीच तर मुलांना दुकानात पाठवणं बंद करा.

दुसरी पायरी, नियम करा. नियम केला की प्रश्न संपतो हे न्यूयॉर्कने कधीच सिद्ध केलंय. गळा आवळायला तिथल्या पोलिसांना १९९३ पासूनच मनाई आहे, आणि एरिक गार्नर या कृष्णवर्णीय माणसाचा गळा २०१४ मध्ये आवळला, त्यात तो गेला. सुटी सिगारेट विकतो या संशयावरून. त्या पोलिसाची नोकरी जायला ऑगस्ट २०१९ उजाडला, पाच वर्षं, आमच्या ग्रीन कार्डच्या लाइनच्या मानाने फास्ट म्हणायचं. मिनियापोलिसमध्येही सहकारी अति करत असेल तर त्याला थांबवावं असा नियम आधीपासून होता, आणि फ्लॉइडच्या मानेवर गुडघा ठेवणारा शॉविन तर नवीन पोरांना ट्रेनिंग देणारा सीनियर होता, आता गुरुजींना थांबवायचं कोणी.

तिसरी, भरतीत विविधता आणा. फ्लॉइडच्या वेळी चार जण होते, त्यात एक कृष्णवर्णीय, एक आशियाई वंशाचा, ब्रोशरवर छापावा असा फोटो झाला असता. २०२३ मध्ये मेम्फिसला टायरी निकल्स या कृष्णवर्णीय तरुणाला जीव जाईपर्यंत बेदम मारणारे पाचही पोलीस कृष्णवर्णीयच होते, आणि अंगावर बॉडीकॅम, म्हणजे वर्दीवरचे कॅमेरे, होते. म्हणजे तिसरी आणि चौथी पायरी एकदम झाली.

बॉडीकॅम ही चौथी. याचा फायदा असा की काय झालं ते नंतर एचडीमध्ये कळतं. जानेवारी २०२३ मध्ये सिएटलला आंध्रची तेवीस वर्षांची विद्यार्थिनी रस्ता ओलांडताना पोलिसांच्या भरधाव गाडीखाली गेली, आणि दुसरा एक पोलीस फोनवर हसत म्हणत होता की अकरा हजार डॉलरचा चेक लिहून टाका, तिची किंमत तशी मर्यादितच. बॉडीकॅम चालूच राहिला होता म्हणून ते आपल्याला ऐकायला मिळालं. गाडी चालवणाऱ्यावर फौजदारी गुन्हा लागला नाही, हसणाऱ्याची नोकरी पुढच्या वर्षी गेली. मी ती क्लिप ऑफिसच्या पार्किंगमध्ये गाडीत बसून ऐकली, दोनदा, मग वर जाऊन रोजच्या स्टँडअप मीटिंगमध्ये माझं तिकीट, म्हणजे नेमून दिलेलं काम, क्लोज झालं असं सांगितलं.

एवढं करूनही लोक गप्प बसत नसतील तर ब्रह्मास्त्र म्हणजे समिती. १९६७ च्या उन्हाळ्यात न्यू जर्सीतलं न्यूअर्क पेटलं होतं, हो तेच, जिथून आपण मुंबईचं विमान पकडतो. पोलिसांनी एका कृष्णवर्णीय टॅक्सीवाल्याला मारहाण केली होती, तिथून सुरुवात. तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष जॉन्सनसाहेबांनी केर्नर समिती नेमली, समितीने १९६८ मध्ये स्पष्ट लिहिलं की काळ्यांच्या या वस्त्या गोऱ्यांच्या संस्थांनी तयार केल्या आणि त्यांनीच चालू ठेवल्या, पोलिसांविरुद्ध तक्रार ऐकायला धड यंत्रणा उभारा वगैरे. जॉन्सनसाहेबांनी अहवाल बाजूला ठेवून दिला. केनेथ क्लार्क नावाचे मानसशास्त्रज्ञ तर समितीसमोरच सांगून आले होते की मी १९१९ च्या शिकागो दंगलीचा अहवाल वाचला, १९३५ आणि १९४३ चे न्यूयॉर्कच्या हार्लेमचे वाचले, लॉस एंजेलिसच्या वॉट्सचा वाचला, दरवेळी तोच सिनेमा, तेच निष्कर्ष, त्याच शिफारशी. मला विचाराल तर यात वाया काहीच जात नाही, पुढच्या समितीला टायपिंगचा खर्च वाचतो.

आणि आपण एडिसनवाल्यांनी, म्हणजे न्यू जर्सीतल्या आपल्या भारतीय वस्तीतल्यांनी, न्यूअर्कमधून जाताना काय करायचं? सिग्नलला गाडी थांबली की हळूच दारं लॉक करायची. खट्ट आवाज येतो, त्याआधी गाण्याचा आवाज वाढवून घ्या म्हणजे मागे बसलेल्या मुलांनी "बाबा लॉक का केलं" असं विचारायला नको. माझ्या मुलीने विचारलं होतं. मी म्हटलं, ऑटोमॅटिक होतं ते.

मंडळाच्या कार्यक्रमात बोलायची वेळ आली तर फुले आहेतच. जोतीरावांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' अर्पण केली ती अमेरिकेत गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या लोकांना, हे सांगायचं, टाळ्या हमखास. पुण्यात बसून त्या माणसाला हे दिसलं होतं म्हणे. मग बटाटेवडे. मग पार्किंगमध्ये कुठल्या गल्लीत घर घेऊ नये, शाळेचं रेटिंग का पडलं, 'ते लोक' किती आलेत, हे हलक्या आवाजात, मराठीतच, म्हणजे कोणाला कळत नाही आणि वर्णद्वेष पण होत नाही.

शेवटचा सल्ला आई-बाबांसाठी, कारण उन्हाळ्यात सगळ्यांचेच येतात. त्यांना सकाळी एकटं फिरायला सोडू नका. फेब्रुवारी २०१५ मध्ये अलाबामातल्या मॅडिसन गावात गुजरातहून आलेले ५७ वर्षांचे आजोबा, नातवाला सांभाळायला आलेले, मुलाच्या घराजवळच्या फुटपाथवर चालत होते. पोलिसांनी अडवलं, ते म्हणाले "नो इंग्लिश", "इंडिया", घराकडे हात केला, आणि त्यांना पाय घालून जमिनीवर आपटलं, मानेचं ऑपरेशन झालं, अंग काही अंशी लुळं पडलं. तिथेही मान्य करण्यात कमी पडले नाहीत, गव्हर्नरने स्वतः माफी मागितली. ज्युरीचं मात्र दोनदा एकमत झालं नाही, शेवटी न्यायाधीशांनी पोलिसाला निर्दोष सोडलं.

यावर आमच्या ग्रुपवर एक काका म्हणालेच की बाबा रे, आपण कुठे काळे, आपला काय संबंध. काकांचं बरोबर आहे. फक्त पोलिसांना फोन करणाऱ्या शेजाऱ्याने सांगितलं होतं, एक बारीकसा काळा माणूस इकडे फिरतोय.