चहा पाजला आणि वर नऊ हजारही दिले

पोस्ट मोठी होणार आहे, आधीच सांगते. वेळ नसेल तर आत्ता सोडा, उद्या पोहे खाताना वाचा, पण वाचा.

सकाळी साडेसातला खालच्या काकू वर आल्या. इंदूरच्या सुदामा नगरात बावीस वर्षं आम्ही वरखाली राहतो, काकू येतात त्या हातात वाटी घेऊनच, विरजण नाहीतर चटणी. आज हात रिकामा. आत आल्या आणि माझ्याच घराचं दार त्यांनी आतून लावून घेतलं, मग अगदी हळू आवाजात विचारलं, "अगं, पोलीस येतील का गं आमच्याकडे?"

झालं होतं असं की त्यांचा एक भाचा देवासला असतो, त्यानं मोबाइलवरच्या कुठल्यातरी ॲपवरून लोन घेतलं आणि हप्ते थकवले. काल रात्री सव्वानऊला काकूंना फोन, "माताजी, रेफरन्स में आपका नंबर है, पैसा आप भरोगे या घर पे गाड़ी भेजूँ?" काकू 71 वर्षांच्या, बीपीची गोळी चालू, रात्रभर डोळ्याला डोळा नाही, काकांनाही सांगितलं नाही की त्यांना त्रास नको. आणि माझ्याकडे आल्या ते काय विचारायला? तर एफडी मोडली तर पैसे किती दिवसांत हातात येतात.

एफडी! ज्या कर्जाची काल रात्रीपर्यंत यांना खबरसुद्धा नव्हती त्या कर्जासाठी एफडी!

मी त्यांना चहा करून दिला आणि माझं डोकं जे फिरलं ते अजून फिरलेलंच आहे, कारण काकूंच्या जागी मला आई दिसत होती.

आईची गोष्ट आमच्या घरात दोघातिघांनाच माहीत आहे. आज लिहितेच. बाबा जाऊन येत्या श्रावणात दोन वर्षं होतील. ते होते तेव्हा एकदा मॉलमध्ये टेबल लावून बसलेल्या पोरांनी त्यांना क्रेडिट कार्ड गळ्यात मारलं, "अंकल, लाइफटाइम फ्री है", वर एक ट्रॉली बॅग. बाबांना बॅग आवडली होती, कार्डाशी त्यांना काही घेणं नव्हतं. ते गेल्यावर कपाट आवरताना मला ते कार्ड पाकिटात जसंच्या तसं सापडलं, स्टिकरसुद्धा काढलेलं नव्हतं. आणि त्या न वापरलेल्या कार्डावर वार्षिक फी, मग फी भरली नाही म्हणून लेट फी, मग त्यावर व्याज, असं करत करत 11,480 रुपये उभे राहिले होते. लाइफटाइम फ्री म्हणे. लाइफटाइम संपल्यावर बिल पाठवलं.

मी तेव्हा शाळेत शिकवायला गेलेली, घरी आई एकटी. एक मुलगा आला, म्हणाला बँकेतून आलोय, साहेबांचं देणं बाकी आहे, आज सेटल केलं तर नऊ हजारात मिटवतो, नाहीतर नोटीस येईल आणि ती दारावर चिकटवतील. बस, दारावर चिकटवतील हे शब्द पुरले. आईनं डब्यातले, पर्समधले, देवघरातले असे करून नऊ हजार जमवले आणि त्याच्या हातात ठेवले. आणि त्याला चहा दिला. आणि दडपे पोहे. का, तर उन्हातून आला होता बिचारा.

मला कळलं चार महिन्यांनी, बँकेचा मेसेज पुन्हा आला तेव्हा. बाकी 11,480 अधिक आणखी काही. म्हणजे ते नऊ हजार बँकेत पोचलेच नव्हते. मी म्हटलं आई, हे बघते मी, एक पैसा द्यायचा नाही, तर ती पदराशी खेळत म्हणाली, "मी भरलेत गं."

ती तशी बसलेली मला अजून दिसते.

आता मला सांगा, आपण कुठले लोक आहोत? आपल्या घरात लहानपणापासून काय ऐकलं, उधार घेऊ नये, घेतलं तर बुडवू नये, दारात मागणारा येता कामा नये. चांगलंच आहे ते, मी नाही म्हणत नाही. पण वसुलीच्या धंद्यातल्या लोकांना आपली ही नस बरोब्बर सापडलेली आहे. घर गहाण नको, सोनं गहाण नको, आपली अब्रू यांच्याकडे कायमची तारण पडलेली आहे. देणं आहे की नाही, किती आहे, कोणाचं आहे, काही न विचारता आपण भरतो, शेजारी ऐकेल म्हणून. आणि शिकलेले लोक हे करतो. माझी आई जुनी बीए आहे.

घेतलेलं फेडायलाच पाहिजे, हो, मान्य. बँकेतला पैसा शेवटी तुमच्याआमच्या ठेवींचाच, तेही मान्य. पुढे.

काकूंना मी सकाळी जे सांगितलं ते इथे पण लिहिते, कारण निम्म्या लोकांना माहीत नसतं आणि मलाही आईचं होईपर्यंत माहीत नव्हतं. रेफरन्स म्हणजे जामीनदार नाही. जामीनदार तो, जो कागदावर सही करतो, आणि त्यानं सही केली की मात्र तो पुरता अडकला, 1872 च्या कॉन्ट्रॅक्ट ॲक्टपासून तेच आहे, जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच. म्हणून मेहुण्यासाठी सही करताना दहादा विचार करा. पण नुसता नंबर दिला म्हणून कोणी देणेकरी होत नाही. त्यात या ॲपवाल्यांना तुमच्या फोनमधली नंबरांची यादी उघडायचीच परवानगी नाही, रिझर्व्ह बँकेनं सप्टेंबर 2022 मध्येच तसं लिहून ठेवलंय. आणि त्याआधी ऑगस्ट 2022 चं दुसरं सर्क्युलर आहे, सकाळी 8 च्या आधी आणि संध्याकाळी 7 च्या नंतर वसुलीचा फोन करायचा नाही, धमकी नाही, चारचौघांत अपमान नाही, नातेवाईक-मित्रांना छळायचं नाही. सव्वानऊचा फोन म्हणजे काकूंचा गुन्हा नव्हता, त्या पोराचा नियमभंग होता. आणि पोरगं एजन्सीचं असलं तरी जबाब द्यायचा तो बँकेनं.

आणि पोलीस! नुसता हप्ता थकला म्हणून पोलीस कोणाला उचलून नेत नाहीत, तो दिवाणी मामला आहे. चेक बाउन्स झाला तर कलम 138 ची केस होते, ती फौजदारी आहे, हो, माहीत आहे, कॉमेंटमध्ये वकील मंडळींनी यायच्या आधी मीच सांगते. पण काकूंनी कुठला चेक दिला होता?

आमच्या आईचं तर त्याहून पुढचं. वडिलांचं कर्ज मुलाबायकोच्या डोक्यावर आपोआप येत नाही. गेलेल्या माणसानं मागे जे ठेवलं तेवढ्यातूनच बँकेला मागता येतं, वारसाच्या स्वतःच्या पैशातून नाही. बाबांच्या खात्यात चाळीसेक हजार होते (तेही सुखासुखी नाही मिळाले, आई नॉमिनी असताना सक्सेशन सर्टिफिकेट, म्हणजे वारस असल्याचा कोर्टाचा दाखला, आणा म्हणत होते, नॉमिनी असेल तर ते मागायचं नसतं), तेव्हा खरंच देणं असतं तर त्यातून मागता आलं असतं, बरं. पण देणं असतं तर ना! कार्ड आल्यावर तीस दिवस सुरूच केलं नाही तर बँकेनं ओटीपी पाठवून विचारायचं, हवंय का, आणि होकार नाही आला तर सात कामाच्या दिवसांत ते बंद करायचं, फुकट. हाही 2022 चा नियम. स्टिकर न काढलेलं कार्ड होतं ते!

लिहिता लिहिता पुन्हा चिडले. पाणी पिऊन आले.

मी काय केलं ते सांगते, त्यात माझा मूर्खपणा पण आहे. रागारागात मी थेट रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार ठोकून दिली. परत आली. कारण आधी आपल्या बँकेकडे लेखी तक्रार करावी लागते, तीस दिवस वाट बघावी लागते, उत्तर नाही आलं किंवा पटलं नाही तर मग लोकपाल. हे मला कोणी सांगितलं असतं तर महिना वाचला असता. मग शाखेत गेले, दोन प्रती घेऊन. काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "मैडम, छोड़ दो, हम देख लेंगे।" मी म्हटलं भिया, तू बघ खुशाल, पण आधी या प्रतीवर शिक्का आणि तारीख दे. त्यानं आत बघितलं, बाहेर बघितलं, पाणी पिऊन आला, मी उभीच. शेवटी शिक्का मिळाला. तो शिक्का मी घरी आणून दादाला पुण्याला फोटो काढून पाठवला, जसं दहावीचं मार्कशीट.

तीस दिवस बँक गप्प. मग लोकपाल, वेबसाइटवर, फी काही नाही, वकील नको, कागद सगळे जोडले, चंदीगढला त्यांचं तक्रारी घ्यायचं ऑफिस आहे तिथून तक्रारीचा नंबर आला. वेळ लागला, उगाच कौतुक नाही करत. पण एक दिवस बँकेचं पत्र आलं, बाकी शून्य, कार्ड बंद. बाबांच्या नावापुढे शून्य बघून आई रडली. इतके महिने तिला वाटत होतं की ते देणं ठेवून गेले.

ही पोरं आईच्या मनात काय घालून गेली ते कुठल्या सर्क्युलरमध्ये बसतं?

आपल्या इंदूरचे तुकोजीराव होळकर, त्यांनी खंडव्याच्या रेल्वेसाठी इंग्रज सरकारला एक कोटी रुपये कर्ज दिलं होतं, साडेचार टक्क्यांनी, 101 वर्षांच्या मुदतीनं. सगळं कागदावर. शाळेत मुलांना सांगताना मला फार मजा येते, की बघा, सरकारला कर्ज देताना पण लिखापढी. आणि आपण नऊ हजार रुपये वहीच्या फाटक्या कागदावर देऊन मोकळे.

हो, फाटका कागद. त्या मुलानं आईला एक पावती दिली होती म्हणे, वहीचं पान, खाली गिचमीड सही. वसुलीला येणाऱ्यानं ओळखपत्र आणि बँकेचं पत्र दाखवायचं असतं, आईनं विचारलं नाही, आणि मी तिला एकदा त्यावरून बोलले त्याचं मला आजही वाईट वाटतं. नऊ हजारांचं बँकेनं हेच लिहिलं, आमचा असा कोणी माणूस नाही, पुरावा द्या. मी आईला दहा वेळा विचारलं पावती कुठे आहे. "टाकली असेल गं, घरात कागद का कमी आहेत." दादा म्हणतो, सोड आता, नऊ हजारासाठी किती मागे लागशील. मला सोडायचं नाहीये. ग्राहक आयोगात जायचंय, इथे आपल्याच जिल्ह्यात होते तक्रार, पाच लाखांपर्यंत फी नाही, स्वतः उभं राहता येतं, दोन वर्षांची मुदत आहे. पण पावतीशिवाय काय नेऊ? आईचे दडपे पोहे?

त्या मुलाचा पण राग पूर्ण नाही येत कधीकधी. बाविसेक वर्षांचा असेल, आई म्हणते चप्पल तुटलेली होती. कमिशनवर फिरवतात त्यांना, भर मे महिन्यात. मोठे लोक एसीत बसलेत. असो. पैसे खाल्लेच त्यानं पण.

तर आज संध्याकाळी काकूंना मी वरच बोलावून बसवलं होतं, फोनसकट. तो म्हणालाच होता की कल फिर करूँगा. सात वाजले, सव्वासात, आई आत वाटाणे सोलत होती. सात चाळीसला वाजला. मी स्पीकरवर टाकला, बोलायचं काकूंनीच असं ठरलं होतं, वहीत लिहून दिलं होतं मी. काकूंचा हात एवढा थरथरत होता की वहीच हलत होती, पण बोलल्या. "भैया, तुम्हारा नाम, कंपनी का नाम, और कितना बाकी है, लिख के भेजो. मैंने कहीं साइन नहीं किया है. और सात के बाद फोन मत करना, मैं शिकायत लिखवा रही हूँ." ही शेवटची ओळ माझी नव्हती, त्यांनीच जोडली. तिकडून काहीतरी शिवी आली आणि फोन कट. काकू माझ्याकडे बघायला लागल्या, म्हणाल्या, "संपलं?" मी म्हटलं नाही काकू, उद्या पुन्हा करेल, आपण नंबर आणि वेळ लिहून ठेवायची. धमकी दिली तर 1930 ला सायबरवाल्यांना फोन. त्यांनी कॅलेंडरवर दुधाच्या हिशोबाखाली लिहिलं, 7.40.

त्या खाली गेल्या आणि मी ही पोस्ट लिहायला बसले. अर्धी लिहून झाली तेव्हा आई आली, साबुदाण्याचा डबा घेऊन. म्हटलं आता कशाला, उपास परवा आहे. काही न बोलता तिनं डबा माझ्यासमोर ठेवला, साबुदाण्यात हात घातला आणि तळातून प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी केलेला वहीचा कागद काढला. तारीख आहे त्यावर. रक्कम आहे. त्या मुलाचा मोबाइल नंबर पण आहे.

म्हणाली, "तुला हवा होता ना. मला लाज वाटत होती."