एक ना धड, चार युनिटं

नोकरी सांभाळून डिप्लोमा करायचं ठरवलंय म्हणता? अभिनंदन. आता एवढंच पथ्य पाळा: एका वेळी एकच युनिट, म्हणजे डिप्लोमातला एकच विषय, घेऊ नका. एकेक युनिट घेणारी माणसं तुम्ही पाहिली असतील. शनिवारी सकाळी दोन-तीन तास वाचतात, टिपणं काढतात, मुदतीच्या आठवडाभर आधी असाइनमेंट जमा करून टाकतात आणि दुपारी चक्क झोपतात. अशा माणसाबद्दल ऑफिसात कोण बोलतं? कुणीच नाही. 'तुम्हाला हे सगळं जमतं कसं हो?' हा प्रश्न फक्त चार युनिटंवाल्याच्या वाट्याला येतो. प्रमाणपत्र व्हायचं तेव्हा होईल, कौतुक मात्र नाव नोंदवल्याच्या दुसऱ्या दिवसापासून सुरू.

नाव नोंदवायला रात्री अकराची वेळ उत्तम. त्या दिवशी आपल्यापेक्षा वयाने लहान कुणाला तरी बढती मिळालेली असावी. मग पोर्टल उघडायचं, युनिटांच्या नावांपुढच्या चौकोनांत टिचक्या मारत जायचं. एका टिचकीला जेवढे कष्ट, तेवढेच चार टिचक्यांना. पुढचा सगळा हिशेब या एका समाधानावर उभा आहे, त्यामुळे ते नीट उपभोगून घ्या.

हिशेबाचं म्हणाल तर तोही तुमच्या बाजूचा आहे. ब्रिटिश पद्धतीच्या व्यावसायिक डिप्लोमांत एक क्रेडिट म्हणजे साधारण १० तासांचं काम धरतात. पंधरा क्रेडिटांचं युनिट म्हणजे १५० तास. अशी चार म्हणजे ६००. वीस आठवड्यांचं सत्र असेल, तर आठवड्याला फक्त ३० तास. आता आठवड्याचे एकूण तास १६८. त्यातून नोकरीचे ४५, जाण्यायेण्याचे १०, झोपेचे ५६ आणि अभ्यासाचे ३० काढा. २७ उरतात! म्हणजे दिवसाला जवळपास चार तास, आणि त्यात जेवण, अंघोळ, घरकाम, घरच्यांशी बोलणं, ताप येणं, लग्नाला जाणं, हरवलेला चार्जर शोधणं एवढंच तर बसवायचंय. कागदावर बसतंय ना? मग झालं. कागदावर बसलेली गोष्ट आयुष्यात न बसणं हा आयुष्याचा दोष.

काही किरकिरे लोक इथे मानसशास्त्र मध्ये आणतात. डॅनियल कानेमन आणि आमोस ट्वर्स्की यांनी १९७९ साली माणसाच्या या हिशेबाला नावच देऊन ठेवलं, नियोजनाचा भ्रम. पुढे १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात पदवीच्या प्रबंधावर काम करणाऱ्या विद्यार्थ्यांना विचारलं, किती दिवसांत संपेल? सरासरी उत्तर आलं ३३.९ दिवस. सगळं जेवढं बिघडू शकेल तेवढं बिघडलं तर? ४८.६ दिवस. प्रत्यक्षात लागले ५५.५. म्हणजे पोरांनी वाईटात वाईट जे कल्पलं होतं, त्याच्याही पुढे आठवडाभर गाडी गेली. तुम्ही मात्र मनावर घेऊ नका. ती नुसती विद्यार्थी होती. तुमच्या पाठीशी पूर्णवेळ नोकरी आहे.

यानंतर वेळापत्रक. ते रंगीतच हवं. पहिलं युनिट निळं, दुसरं हिरवं, तिसरं नारिंगी आणि चौथं जांभळं. आमच्या वेळापत्रकाला दोन रविवार लागले. चौकोनांच्या कडा एका रेषेत येईनात, म्हणून तिसऱ्या रविवारीही थोडं काम निघालं. तोवर निळ्या युनिटचे पहिले तीन वेबिनार होऊन गेले होते, पण त्यांची रेकॉर्डिंगं होती. रेकॉर्डिंग हा नोकरदार विद्यार्थ्याचा सगळ्यात मोठा आधार. ते आहे एवढं कळलं की अर्धा विषय समजल्यासारखा वाटतो. उरलेला अर्धा दीडपट वेगाने ऐकायचा, कानात एकच इअरफोन घालून, दुसरा कान ऑफिसच्या मीटिंगला देऊन. मीटिंगमध्ये अचानक आपलं नाव पुकारलं गेलं, तर 'या मुद्द्याकडे भागधारकांच्या दृष्टीतून पाहायला हवं' असं म्हणावं. मी दोनदा म्हटलंय. दोन्ही वेळा साहेबांनी मान डोलावली, आणि दुसऱ्यांदा तर ते वाक्य मिनिट्समध्येही आलं.

चार विषय आलटून पालटून करण्याला शास्त्राचा पाठिंबा आहे, हेही लोकांना ठणकावून सांगा. सराव मिसळून केला तर तो जास्त टिकतो, असं प्रयोगांतून दिसलेलं आहे. त्यातल्या २००७ च्या एका गाजलेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांना चार घनाकृतींची घनफळं काढायची होती, गणितं एकमेकांत मिसळून दिलेली. सांगताना 'चार' या आकड्यावर जोर द्या. ती चारही गणितं एकाच धड्यातली होती, कुणाला त्याच वेळी खरेदी-व्यवस्थापन, कामगार कायदे आणि ताळेबंद शिकवत नव्हते, हा तपशील तुमच्यापाशीच राहू द्या. तसाच २००९ चा संशोधक सोफी लरॉय यांचा अभ्यासही चर्चेत आणू नका. एक काम अर्धवट सोडून दुसऱ्याला बसलं की लक्षाचा थोडा गाळ पहिल्याच कामात मागे राहतो, असं त्यांनी दाखवलं. चार युनिटं आणि एक नोकरी म्हणजे पाच ठिकाणी गाळ. सहाव्या ठिकाणी, जिथे आत्ता तुम्ही बसलाय, तिथे काय उरतं याचा विचार बसल्या जागी करू नये.

मात्र एका माणसापासून खरोखर जपा. तो ऑफिसात असतोच. आमच्याकडचा हिशेबनीस आहे, शांत स्वभावाचा, आणि त्याने एकदा माझ्या टेबलावर कोऱ्या कागदावर चार आडव्या रेघा मारल्या. म्हणाला, "आठवड्याला तीस तास तुम्ही देताय ना? मग एक युनिट पाच आठवड्यांत संपतं. एकामागून एक केलीत तर पाचव्या, दहाव्या, पंधराव्या आणि विसाव्या आठवड्यात एकेक हातावेगळं होईल. चारही बरोबर चालवलीत तर चारही विसाव्याच आठवड्यात. शेवटचं दोन्हीकडे एकाच दिवशी संपतंय, मग पहिल्या तिघांना ताटकळत का ठेवताय?"

मी म्हटलं, "पण शेवट तर एकच आहे ना?"

"शेवटापर्यंत पोचलात तर," तो म्हणाला. "बाराव्या आठवड्यात तुम्हाला बाहेरगावी पाठवलं की एकेक करणाऱ्याच्या खिशात दोन युनिटं असतील. तुमच्याकडे चार असतील, प्रत्येकी साठ टक्के. साठ टक्के युनिटचं प्रमाणपत्र देतात का कुठे?"

अशा माणसांशी वाद घालू नये. कागद मात्र त्याच्याकडून मागून घ्यावा, कारण मागची बाजू कोरी असते आणि जांभळ्या युनिटची यादी करायला कामी येते.

(बाराव्या नाही, अकराव्याच आठवड्यात मला बाहेरगावी पाठवलं. पण तो योगायोग.)

आता असाइनमेंट. प्रश्नाच्या सुरुवातीला एक क्रियापद असतं, ते वाचायची गरज नाही. वर्णन करा, स्पष्ट करा, विश्लेषण करा, चिकित्सक मूल्यमापन करा, सगळ्यांचं उत्तर वर्णनच. तपासणारा मग समासात 'चिकित्सा कुठे आहे?' असं लिहितो. ती आपण नाव नोंदवतानाच करायला हवी होती, हे त्या बिचाऱ्याला कसं सांगणार? शब्दमर्यादा ३,००० असेल तर १० टक्के इकडेतिकडे बहुधा चालतात. त्यामुळे शेवटच्या रात्री २,६९० शब्दांवर अडकलेला माणूस 'म्हणून' काढून 'या कारणास्तव' घालत बसतो. 'आणि'च्या जागी 'त्याचबरोबर' घातल्याने काही होत नाही, शब्द एकच राहतो. हे मला रात्री सव्वाबाराला कळलं. 'त्याच बरोबर' असं तोडून लिहिलं तर दोन होतात, हे साडेबाराला.

खरी काटकसर मात्र स्वॉटमध्ये आहे. बलस्थानं, उणिवा, संधी, धोके, असा चार घरांचा एक तक्ता एकदा नीट करून ठेवा. तो निळ्यात चालतो, हिरव्यात चालतो, नारिंगीत तर पळतो. मी आमच्याच विभागाचा केला होता आणि तीन युनिटांत वापरला. तिसऱ्या वेळी साम्य शोधणाऱ्या सॉफ्टवेअरने ४१ टक्के मजकूर लाल करून परत पाठवला. कुणाचं चोरलं म्हणून बघितलं, तर माझंच. स्वतःचं आधीचं काम न सांगता पुन्हा जमा करणं हीसुद्धा वाङ्मयचौर्यातच मोडणारी गोष्ट आहे, असं ट्यूटरने सौम्य शब्दांत कळवलं. स्वतःच्याच घरात चोरी करताना सापडण्याचा अनुभव एकेक युनिट करणाऱ्याला कुठून मिळणार?

झोपेविषयी थोडक्यात. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात माणसांना दोन आठवडे रोज सहाच तास झोपू दिलं. शेवटी त्यांची कामातली लक्षशक्ती रात्रभर न झोपलेल्या माणसाइतकी घसरली होती, आणि गंमत म्हणजे त्यांना स्वतःला आपण फारसे पेंगुळलेले आहोत असं वाटत नव्हतं. यातला दुसरा भाग तेवढा लक्षात ठेवा. वाटत नाही, म्हणजे काही नाही.

घरच्यांचं सहकार्य हवंच. आमच्या मुलीने माझं वेळापत्रक बघून स्वतःचं एक केलं आणि फ्रिजवर लावलं. त्यात रविवारी पाच ते साडेपाच 'बाबा' असं पिवळ्या रंगात लिहिलं होतं. रंग माझ्या चारांत नसलेला निवडला होता. दोन रविवार ती पाचला येऊन खुर्चीमागे उभी राहिली. तिसऱ्या रविवारी त्या चौकोनात 'सायकल' लिहिलेलं दिसलं.

आणि इतकं करूनही मुदत चुकणार असं वाटलं, तर मुदतवाढ मागा. त्यासाठी एक फॉर्म असतो. तो मुदतीच्या सात दिवस आधी भरायचा असतो, म्हणजे आपल्याला सगळं आवरेल अशी खात्री असते नेमक्या त्याच दिवशी. कारण १०० शब्दांत लिहायचं. मी ११० लिहिले, १० टक्क्यांची सवलत गृहीत धरून. कार्यालयीन दौरा, कौटुंबिक जबाबदाऱ्या, इंटरनेटची अडचण, शिवाय भागधारकांची दृष्टी. फार चांगला उतरला. त्या सत्रात मी लिहिलेला सगळ्यात नेटका मजकूर तोच असावा.

शेवटी फक्त युनिटचं नाव निवडायचं राहिलं होतं. यादी उघडली. 'व्यवस्थापनाची तत्त्वे', 'तत्त्वनिष्ठ व्यवस्थापन', 'व्यवस्थापनातील धोरण', 'धोरणात्मक व्यवस्थापन'. रंग दिलेले नव्हते. रात्रीचे अकरा पन्नास झाले होते, फॉर्म बाराला बंद होणार होता. बराच विचार करून मी तिसरं निवडलं असावं, कारण दोन दिवसांनी मंजुरीचं पत्र आलं ते तिसऱ्याचंच होतं. पूर्ण दोन आठवड्यांची वाढ मिळाली होती. चारांपैकी तेवढं एकच युनिट मी आधीच्या महिन्यात जमा केलेलं होतं.