साखरपुडा जुलैत, पत्रिका ऑगस्टात

युरोपातल्या बड्या सायकल संघात शिरलात, अभिनंदन. पाय आहेत, फुप्फुसं आहेत, डोंगर दिसला की तुम्हाला उत्साह येतो. एवढ्यावर पोट भरेल. पण नाव व्हायला हवं असेल, तर संघ बदलता आला पाहिजे, आणि ती विद्या कुठल्याच प्रशिक्षण शिबिरात शिकवत नाहीत. म्हणून चार गोष्टी सांगतो. मी स्वतः सोसायटीच्या गेटापासून दूधवाल्यापर्यंतच सायकल चालवतो, त्यामुळे सल्ला अगदी निःपक्षपाती आहे.

आधी मुहूर्त. यूसीआयचा, म्हणजे जागतिक सायकलिंग संघटनेचा दंडक आहे की पुढल्या हंगामाची सोयरीक १ ऑगस्टपूर्वी जाहीर करायची नाही. दंडक पाळायचाच. बोलणी वसंतात उरका, सुपारी जुलैत फोडा आणि टूर द फ्रान्सच्या विश्रांतीच्या दिवशी पत्रकारांनी विचारलं, तर "सध्या सगळं लक्ष शर्यतीवर आहे" एवढंच म्हणा. म्हणताना हसू नका. बेल्जियमचा स्टार रेम्को एव्हनपूल २०२५च्या टूरमधून १९ जुलैला तूरमालेच्या चढावर बाहेर पडला आणि ५ ऑगस्टला रेड बुलच्या संघाने त्याची पत्रिका छापली. हे स्थळ त्या सतरा दिवसांतच जुळलं, असं ज्यांना वाटतं त्यांनी खुशाल वाटून घ्यावं. बेल्जियमची वर्तमानपत्रं त्याला काही वर्षांपासून उजवत होती.

करार करताना मात्र लांब मुदतीचा करा. तुम्ही म्हणाल, जायचंच आहे तर लांबचा कशाला? इथेच तुमचा मध्यमवर्गीय पिंड दिसतो. करार राहण्यासाठी नसतो, निघताना किंमत यावी म्हणून असतो. एव्हनपूलचा करार २०२६ अखेरपर्यंत होता. ब्रिटनच्या टॉम पिडकॉकचा इनिऑस संघाशी २०२७पर्यंत होता. त्याने डिसेंबर २०२४मध्ये गाशा गुंडाळला, दुसऱ्या फळीतल्या क्यू३६.५ संघात गेला आणि पुढच्याच सप्टेंबरात व्हुएल्तात, म्हणजे स्पेनच्या मोठ्या शर्यतीत, तिसरा आला. स्पेनच्या हुआन आयुसोचा यूएई संघाशी करार तर २०२८पर्यंत. फुटबॉलसारखा खेळाडूंच्या विक्रीचा बाजार इथे जुना नाही. सायकलला स्टेडियम नाही, तिकीट नाही, टीव्हीचा पैसा शर्यत भरवणाऱ्याच्या खिशात जातो. संघाकडे स्वतःचं असं काय, तर जर्सीवरची जाहिरात आणि तुमची सही असलेला कागद. तेव्हा तो कागद जाडजूड असलेला बरा.

निरोप कसा घ्यावा, हे आयुसोकडून शिका. २०२५च्या व्हुएल्तात सहाव्या टप्प्यात तो मागे पडला, सातव्यात जिंकला आणि १ सप्टेंबरला, म्हणजे पहिल्या विश्रांतीच्या दिवशी, संघाने पत्रक काढलं की हंगाम संपला की आमचे मार्ग वेगळे. शर्यत अजून दोन आठवडे बाकी होती. आयुसोने भर माध्यमांत संघाला हुकूमशाही म्हटलं, त्याच संघाची जर्सी घालून ४ सप्टेंबरला आणखी एक टप्पा जिंकला आणि संध्याकाळी त्याच संघाच्या बसमध्ये जाऊन बसला. आपल्याकडे राजीनामा दिलेला माणूस दुसऱ्या दिवसापासून चहासुद्धा वेगळा पितो. ह्यांना उरलेले दोन आठवडे एका टेबलावर पास्ता खावा लागतो.

सासरी जाताना आंदण न्यायला विसरू नका. स्टार एकटा जात नाही. त्याच्यासाठी वारा अंगावर घेणारा, बाटल्या आणून देणारा, वेळ पडली तर स्वतःचं चाक काढून देणारा सोबती, शिवाय मालिशवाला, मेकॅनिक, जमलं तर एखादा मार्गदर्शकही पदरात बांधून न्यायचा. एव्हनपूलमागोमाग मातिया कात्तानेओ गेलाच की. पण सगळ्यात सुरक्षित आंदण म्हणजे सख्खा भाऊ. स्लोव्हाकियाचा पेटर सागान लिक्विगासपासून टिंकॉफ, बोरा, टोटाल एनर्जीपर्यंत जिथे गेला तिथे थोरला यूराय बरोबर. कोलंबियाचा नायरो किंताना २०२०मध्ये आर्केआ संघात गेला तेव्हा धाकटा डायर होताच. भाऊ नसेल तर आईवडिलांशी लवकर बोलून घ्या.

नव्या घरात आधीपासून एखादा कर्ता पुरुष बसलेला असेल, तर त्याच्या गोड बोलण्यावर विसंबू नका. अमेरिकेच्या ग्रेग लेमॉन्डला बर्नार तापी नावाच्या धनिकाने दहा लाख डॉलरचा करार देऊन १९८५ साली ला व्ही क्लेर संघात आणलं. घरात चार टूर जिंकलेला बर्नार इनो होता. लेमॉन्डला थांबवण्यात आलं, इनो त्याची पाचवी टूर जिंकला आणि म्हणाला, पुढल्या साली मी तुझ्यासाठी राबेन. पुढल्या साली तो राबला. डोंगर लागला की लेमॉन्डच्याच पुढे सुटून राबला. लेमॉन्ड जिंकला खरा, पण असा शब्द मिळाला तर स्टँप पेपरवर घ्या.

कोर्टाची पायरीही माहीत असावी. बेल्जियमच्या वाऊट फान आर्टने २०१८मध्ये मुदतीआधी करार मोडला, कारण त्याचा संघ दुसऱ्या संघात विलीन व्हायला निघाला होता. पहिल्या कोर्टात तो जिंकला, अपिलात हरला आणि जुन्या मालकाला ६ लाख ६२ हजार युरो द्यायचा हुकूम झाला. तोवर तो नव्या घरी टूरचे टप्पे जिंकत होता. म्हणजे परवडलं.

आणि कारण विचारलं तर ते ब्रिटनच्या ब्रॅडली विगिन्सच्या तोडीचं द्या. २००९ साली टूरमध्ये चौथा आल्यावर तो म्हणाला होता, चॅम्पियन्स लीग जिंकायची तर मँचेस्टर युनायटेडमध्ये असायला हवं, मी विगनमध्ये खेळतोय. बिचारा छोटासा विगन क्लब! डिसेंबरात स्काय संघाने त्याला नेलं. मँचेस्टरला पोचल्यावर पहिल्या टूरमध्ये तो चोविसावा आला. २०१२मध्ये जिंकला म्हणून हे वाक्य आज शहाणपणाचं वाटतं.

आता ज्याबद्दल कुणी बोलत नाही ते सांगतो. जुना करार ३१ डिसेंबरपर्यंत चालतो आणि नव्या संघाचं शिबिर डिसेंबरातच स्पेनमध्ये लागतं. म्हणजे लग्न लागलेलं, पण आडनाव माहेरचं. अशा वेळी एक काळी चिकटपट्टी जवळ ठेवा. जुन्या प्रायोजकाचं नाव दिसायला नको आणि नव्याचं मिरवायला नको, तेव्हा हेल्मेटवर, सायकलीच्या दांडीवर, मिळेल तिथे पट्टी. नवी सायकल दुसऱ्या कंपनीची, सीट दुसऱ्या कंपनीची, कधी पेडलसुद्धा. मग टेप घेऊन मेकॅनिक बसतो. सीटची उंची, सीटचं टोक हँडलपासून किती, बुटाखालची क्लीट, म्हणजे पेडलमध्ये अडकणारी पट्टी, किती आत, सगळं जुन्या सायकलवरून मिलिमीटरमध्ये उतरवून घेतो. माझ्या सायकलची सीट भाच्याने "थोडीशीच" वर केली होती, तर मी आठवडाभर जिना कडेकडेने उतरत होतो. ह्यांना त्यावर दिवसाचे सहा तास काढायचे असतात. १ जानेवारीच्या सकाळी सगळे एकदम नव्या जर्सीत फोटो टाकतात आणि लिहितात, "घरी आल्यासारखं वाटतंय." तुम्हीही लिहा.

घर राहील का, हा मात्र वेगळा प्रश्न. राबोबँक या डच प्रायोजक बँकेने २०१२च्या शेवटी अंग काढून घेतलं तेव्हा त्या संघाला नावच उरलं नाही, म्हणून २०१३मध्ये त्यांनी कोरं असं नाव घेतलं, ब्लँको. तोच संघ पुढे बेल्किन, मग लोटोएनएल-युंबो, युंबो-व्हिस्मा आणि आता व्हिस्मा-लीज अ बाइक. पोरगं तेच, बारसं पाचव्यांदा. ब्रिटनचा मार्क कॅव्हेंडिश २०२२च्या अखेरीस फ्रान्सच्या बी अँड बी हॉटेल्स संघात जाणार, हे सगळीकडे झालेलं. संघाच्या अनावरणाची तारीख पुढे गेली, प्रायोजक आज येतो उद्या येतो करत राहिला आणि डिसेंबरात संघच बंद पडला. मांडव घातलेला, वऱ्हाड दारात आणि घर जप्तीत. कॅव्हेंडिशला जानेवारीत अस्ताना संघाने ठेवून घेतलं आणि ३ जुलै २०२४ला सें-वुल्बात त्याने टूरमधला पस्तिसावा टप्पा जिंकून बेल्जियमच्या एडी मर्क्सचा चौतीस टप्प्यांचा विक्रम मोडला.

बंद पडलेल्या त्या बी अँड बी संघात कॅव्हेंडिशसाठी वारा अडवायला घेतलेली, ज्यांची नावं पत्रिकेत खालच्या ओळीत बारीक अक्षरात असतात, तीही मुलं होती. तुम्ही त्यांच्यातले असाल, तर वरचा लेख रद्द समजा. तुम्हाला एजंट फोन करत नाही, तुम्हीच करायचा. ऑक्टोबरात शेवटची शर्यत चीनमध्ये ग्वांगशीला असते. तिथून परतताना विमान उतरल्या उतरल्या मोबाइल चालू करा, आधी आईला पोचल्याचं कळवा, मग बघा. दाढी करून ठेवा, कुठल्याही जर्सीत फोटो चांगला यायला हवा. आणि चिकटपट्टीचा रोल स्वतःच्या पैशाने घ्या.