पॅटर्न ट्रिगर केला म्हणून ताल मरत नाही

"सीक्वेन्सरवरून ड्रम मशीनचे पॅटर्न ट्रिगर केले की ताल मेलाच. सगळे ठोके एकाच जोराचे, सगळे ग्रिडवर, त्यात मिडीचा उशीर. आणि माणसाने वाजवलेलं काहीच नाही." हे विधान इतकं फिरलंय की नवी मुलं पॅटर्नला हात लावायलाच कचरतात. म्हणून हे लिहितोय. (सीक्वेन्सर म्हणजे नोटा लिहून ठेवून क्रमाने आपोआप वाजवणारं साधन; पॅटर्न म्हणजे ठोक्यांचा पुन्हा पुन्हा वाजणारा साचा, आणि ट्रिगर करणं म्हणजे नोट पाठवून तो सुरू करणं. ग्रिड म्हणजे ठोक्यांच्या नेमक्या समान अंतरावरच्या जागा, आणि मिडी म्हणजे वाद्यांना नोटांचे संदेश पाठवायची पद्धत.)

एकाच जोराचे ठोके? प्रत्येक नोटेसोबत १ ते १२७ अशी व्हेलॉसिटी, म्हणजे ठोक्याचा जोर, जाते. माउसने नोटा भरल्या की त्या सहसा एकाच आकड्यावर बसतात, आणि आपण त्या तशाच सोडून देतो. हायहॅटचे (झांजांच्या जोडीचे) मात्रेवरचे ठोके १०० च्या आसपास ठेवा, मधले ६० वर आणा, स्नेअर या कडक आवाजाच्या ड्रमच्या मुख्य ठोक्याआधी ३० चा एक हलका ठोका टाका. तोच पॅटर्न चालू लागतो. एक खरी अडचण मात्र आहे. पॅटर्न मशीनच्या आत असेल आणि सीक्वेन्सर फक्त तो सुरू करणारी नोट पाठवत असेल, तर त्या नोटेचा जोर आतल्या ठोक्यांपर्यंत पोचेलच असं नाही. अशा वेळी ठोके सीक्वेन्सरच्या ट्रॅकवर उतरवून घ्यावेत. उतरवल्यावर आतला पॅटर्न बंद करायला विसरू नका. मी एकदा विसरलो होतो. प्रत्येक किक (मोठ्या ड्रमचा खर्जातला ठोका) दोनदा वाजत होती आणि मी तासभर इक्वलायझरशी झटत बसलो.

ग्रिडचं म्हणाल, तर रॉजर लिन यांच्या १९८० सालच्या एलएम-१ या ड्रम मशीनमध्येही स्विंग होता, म्हणजे जोडीतला दुसरा ठोका जरा उशिरा पाडायची सोय. मिनिटाला १२० मात्रांच्या टेम्पोला सोळांशांची (पाव मात्रेच्या ठोक्यांची) एक जोडी २५० मिलिसेकंदांची. सरळ चालीत दुसरा ठोका १२५ वर पडतो, ५८ टक्के स्विंगला १४५ वर. वीस मिलिसेकंदांचा फरक, पण मान आपोआप डोलायला लागते.

उशिराच्या मुद्द्यात जुन्या मिडी केबलपुरतं तथ्य आहे. सेकंदाला ३१,२५० बिट या वेगाने एका नोटेला सुमारे एक मिलिसेकंद लागतो; किक, स्नेअर, हॅट एकत्र आले तर शेवटचा दीड-दोन मिलिसेकंद मागे राहतो. सॉफ्टवेअरच्या आतल्या ड्रम मशीनला ती केबलच नसते. पॅडवर बोट मारताना जाणवतो तो उशीर मुख्यतः ऑडिओ बफरचा, म्हणजे संगणक आवाज बाहेर सोडण्याआधी जमवून ठेवतो त्या तुकड्याचा: सेकंदाला ४४,१०० सॅम्पलच्या (आवाजाच्या मोजणीच्या) दराला ५१२ सॅम्पल म्हणजे साडेअकरा मिलिसेकंद. आधीच लिहून ठेवलेल्या नोटा सीक्वेन्सरला अगोदर ठाऊक असतात, त्यामुळे त्या जागच्या जागी पडतात.

खरा घोळ वेगळाच होतो. पॅटर्न बारच्या (मात्रांच्या एका आवर्तनाच्या) सुरुवातीलाच बदलेल अशी सेटिंग असेल आणि ट्रिगरची नोट एका टिकने, म्हणजे सीक्वेन्सरच्या सगळ्यात लहान कालमापाने, जरी उशिरा आली, तरी नवा पॅटर्न अख्खा बार थांबतो. गाणं कोरसला पोचलेलं, ड्रम अजून अंतऱ्यातच. मी ती नोट बारच्या जराशी आधी ठेवतो.

आणि "माणसाने काहीच वाजवलं नाही" हे तर मला मुळीच मान्य नाही. कोरसच्या आधी अर्धा बार किक काढून घ्यायची की फिल (भाग बदलताना वाजणारा ठोक्यांचा छोटा तुकडा) टाकायचा, हे तुमच्या कानालाच ठरवावं लागतं. परवा एका गाण्यात मी फिल पुसून तिथे नुसती शांतता ठेवली, आणि पुढची किक पहिल्यांदाच छातीत लागली.