मोबाइल चार्ज करणारा सुती सदरा

व्हॉट्सअ‍ॅपवर सध्या एक फॉरवर्ड फिरतोय. सुती कापडाला ‘वीजवाहक प्लास्टिक’चा लेप दिला की धागा तांब्याच्या तारेसारखा वीज वाहतो, अंगाच्या उष्णतेवर खिशातला मोबाइल चार्ज होतो, सदरा कितीही धुवा, आणि सूत नैसर्गिक म्हणून सगळं निर्धोक. यातलं एक खरं: लेप देता येतो. अशा वीजवाहक प्लास्टिकसाठी, म्हणजे पॉलिमरसाठी, शिराकावा, मॅकडायर्मिड आणि हीगर यांना २००० सालचं रसायनशास्त्राचं नोबेलही मिळालंय.

आता ‘तांब्यासारखा’. तांब्याची वाहकता (वीज वाहण्याची क्षमता) सेंटिमीटरला सुमारे ६ लाख सीमेन्स. पॉलिपायरोल हे वीजवाहक पॉलिमर शेकड्यात पोचलं तरी कौतुक, त्यात सुतावरचा थर मायक्रॉनहून पातळ. समजा लेप दिलेल्या कापडाच्या पट्टीचा रोध (विजेला होणारा अडथळा) ५ किलोओहम आहे. ५ व्होल्ट लावले तर जेमतेम १ मिलिअँपिअर वाहणार. ५००० एमएएचची बॅटरी भरायला ५००० तास, म्हणजे जवळजवळ सात महिने. तेही चार्जर भिंतीच्या प्लगमध्ये असताना!

प्लग लागणारच, कारण लेप वीज वाहतो, तयार करत नाही. उष्णतेपासून वीज मिळते हे खरं, पण किती? पेडॉट-पीएसएस या पॉलिमरमध्ये एका अंशाच्या फरकाला साधारण १५ मायक्रोव्होल्ट. कापडाच्या आतबाहेर ५ अंशांचा फरक धरला तर ७५. ५ व्होल्टसाठी पॉलिमरचे असे ६६ हजारांहून जास्त तुकडे एकापुढे एक लावावे लागतील. शिंप्याला कोण सांगणार?

धुण्याचं मात्र मी डोळ्यांनी पाहिलंय. कॉलेजात आम्ही पांढऱ्या मांजरपाटाचा तुकडा अ‍ॅनिलीन आणि सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाच्या द्रावणात बुडवला, भांडं बर्फात ठेवलं आणि अमोनियम परसल्फेट थेंबथेंब सोडलं. अ‍ॅनिलीनचं पॉलिअ‍ॅनिलीन हे वीजवाहक पॉलिमर बनून कापडावर बसलं आणि कापड हळूहळू गर्द हिरवं झालं. वाळवून मल्टिमीटर लावला, तर किलोओहममध्ये आकडा आला. आम्ही खूश. मग एकानं तो तुकडा कपडे धुण्याच्या पावडरीच्या पाण्यात टाकला. बघता बघता हिरवा निळा झाला आणि मीटरनं हात टेकले. पॉलिअ‍ॅनिलीन वीज वाहतं ते त्यात मुरलेल्या आम्लामुळे, आणि धुण्याची पावडर अल्कधर्मी. आम्लात बुडवल्यावर हिरवा रंग परतला, आकडाही परतला, पण पहिल्याइतका चांगला नाही. दर धुण्यानंतर सदरा आम्लात कोण बुडवणार? शिवाय आम्ल सुताचा सेल्युलोज खातं, कापड विरतं ते वेगळंच. पॉलिपायरोलचा लेप सुताला बरा चिकटतो, पण घासणीपुढे तोही झिजतो. आणि तो काळाच असतो, पांढरा सदरा विसरा.

‘नैसर्गिक म्हणून निर्धोक’ हे तर डाईंगवाल्याला सांगून बघा. अ‍ॅनिलीन कातडीतून शरीरात शिरतं आणि रक्ताची ऑक्सिजन वाहण्याची ताकद घटवतं. तयार पॉलिमर म्हणजे अ‍ॅनिलीन नव्हे, हे कबूल. पण प्रक्रियेतून उरलेलं धुऊन काढावं लागतं, आणि ते पाणी कुठेतरी जातंच.

या कापडाला खरी जागा आहे ती हृदयाचे ठोके टिपायला. तिथे संदेश मिलिव्होल्टचा, प्रवाह नगण्य, म्हणून किलोओहमचा रोध खपून जातो. जपानच्या एनटीटी या दूरसंचार कंपनीच्या संशोधकांनी रेशमाच्या धाग्यावर पेडॉट-पीएसएस चढवून असे संदेश टिपले. पुढे २०१४ मध्ये तोरे कंपनीबरोबर त्यांनी ‘हितोए’ हे कापड आणलं. त्यातला धागा मात्र पॉलिएस्टरचा.